आधी बंब, मग पॅनेल

बंगळुरूच्या दक्षिण भागात, कनकपुरा रस्त्यावर बनशंकरीचे देऊळ आहे. मूळ बनशंकरी बदामीची. तीच शाकंभरी, महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. मंगळवारी, शुक्रवारी राहुकाळात या देवळात बायकांची गर्दी असते. लिंबू अर्धे चिरायचे, रस पिळायचा, साल उलटी करून तिची पणती करायची आणि तिच्यात तूपवात लावायची. आपण जी साल टाकून देतो तिच्यात इथे दिवा तेवतो.

देवीच्या नावाने वसलेला बनशंकरीचा परिसर आता पुष्कळ पसरला आहे. २०१७ पासून मेट्रो दारात आली. शंभर फुटी रिंग रोडवर पीईएस विद्यापीठ आहे, त्यामुळे जून-जुलैत मुलांच्या प्रवेशासाठी आलेले पुण्या-कोल्हापूरचे आईबाप इथे दिसतात. अशा पाहुण्यांसाठी गल्लीबोळांतून लहान हॉटेले, लॉज, सर्व्हिस अपार्टमेंट उभी राहिली. त्यांतल्या एखाद्या मालकाला आपले हॉटेल सूर्यावर चालवावेसे वाटले, तर त्याने सुरुवात कुठून करावी?

बहुतेक जण सुरुवात निळ्या पॅनेलपासून करतात. मला वाटते, इथेच चुकते.

आपण कागदावर एक हॉटेल बांधू. बंगळुरूत जागेचे माप ‘तीस-चाळीस’ नाहीतर ‘चाळीस-साठ’ असे फुटांत सांगतात. आपली साइट चाळीस-साठ धरू, म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडली की गच्ची उरते साधारण १४५ चौरस मीटर. तीतून पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, जिना आणि चादरी वाळत घालायच्या दोऱ्या वजा केल्या, की उन्हाची स्वच्छ जागा हाती लागते ९० चौरस मीटरच्या आसपास. खाली १६ खोल्या, ३० पाहुणे आणि नाश्त्याचे स्वयंपाकघर.

या हॉटेलात ऊर्जा सर्वांत जास्त कुठे जाते? दिव्यांत नाही. ती जाते आंघोळीच्या पाण्यात आणि चुलीत. माणशी ५० लिटर गरम पाणी धरले तर १५०० लिटर झाले. भांडी आणि स्वयंपाकासाठी आणखी ५०० धरू. हजार लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४१ युनिट लागतात, म्हणजे दोन हजार लिटरला ८२. हे काम गिझरने करायचे आणि वीज पॅनेलमधून घ्यायची ठरवली, तर बंगळुरूच्या उन्हात एक किलोवॉट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते या हिशेबाने २० किलोवॉटची पॅनेले लागतील. ती या गच्चीवर मावणारच नाहीत.

तेच पाणी थेट उन्हात तापवले तर? शंभर लिटरला दोन चौरस मीटर संग्राहक हा जुना ठोकताळा. दोन हजार लिटरला ४० चौरस मीटर पुरतात. कारण सरळ आहे. पॅनेल अंगावर पडलेल्या उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलते, तर काळा पत्रा आणि काच असलेला सौर बंब निम्म्याच्या आसपास उष्णता पाण्यात उतरवतो. ज्याला ऊबच हवी आहे त्याने ती विजेच्या वाटेने का आणावी? आपल्या आज्यांचा तांब्याचा बंब न्हाणीघराबाहेर असायचा. आता त्याने गच्चीवर जावे, इतकेच.

बंगळुरूला हे नवे नाही. गच्चीगच्चीवर सौर बंब दिसणारे हे शहर आहे. कर्नाटक सरकारने २००७ मध्ये नव्या इमारतींना ते बंधनकारक केले आणि घरगुती वीजबिलात त्यासाठी थोडी सूटही ठेवली. आपल्याकडे पुणे महापालिका सौर बंब लावणाऱ्याला मिळकतकरात सवलत देते.

पण घरचा बंब आणि हॉटेलचा बंब यांत फरक आहे. हॉटेलात सगळे पाहुणे पहाटे सहा ते आठ या वेळात नळ सोडतात, म्हणजे कालच्या उन्हाने तापलेले पाणी रात्रभर राखायचे असते. टाकीला उष्णता धरून ठेवणाऱ्या पफचे, म्हणजे फोमचे, जाड अस्तर हवे. दुसरी गोष्ट नळांची. चौथ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यापर्यंत गरम पाणी पोहोचेतो पाहुणा बादलीभर गार पाणी मोरीत सोडून देतो. त्यावर उपाय म्हणजे पाणी वेढ्यात फिरते ठेवणारी परतीची नळी, एक छोटा पंप आणि नळ्यांवर आवरण. हे नंतर भिंती फोडून करण्यापेक्षा बांधतानाच करावे. तिसरी गोष्ट क्षारांची. कावेरीचे पाणी मऊ, पण ते कमी पडले की बोअरवेल किंवा टँकर येतो आणि ते पाणी जड असते. काचेच्या नळ्यांत आणि तांब्याच्या नळीत पांढरा थर बसतो, आणि दोन वर्षांत ‘सोलर चालत नाही’ अशी तक्रार सुरू होते. अशा ठिकाणी संग्राहकातले पाणी वेगळे आणि आंघोळीचे वेगळे ठेवणारी उष्मा-विनिमय टाकी घ्यावी. चौथी गोष्ट पावसाची. बंगळुरूला नैऋत्य मोसमी पाऊस भिजवतो आणि ऑक्टोबरात परतीचाही गाठतो. ढगाळ आठवड्यासाठी कॉइलचा आधार ठेवण्याऐवजी हीट पंप ठेवला, तर तेवढ्याच गरम पाण्याला एकतृतीयांशाच्या आसपास वीज पुरते.

कावेरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, वाटेत कित्येकशे मीटर वर उपसून शहरात येते. बंगळुरूत वाया गेलेली बादली ही वाया गेलेली वीजच असते.

आता चूल. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी एक साधी गोष्ट ओळखली. बायोगॅसच्या टाकीतल्या जिवाणूंना शेणापेक्षा पिष्ट आणि साखर जास्त भावते, म्हणजे उष्टे अन्न, पेज, खराब पीठ. त्यावर चालणाऱ्या त्यांच्या घरगुती संयंत्राला २००६ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘निसर्गऋण’ संयंत्रही ओल्या कचऱ्यावरच चालते. आपल्या हॉटेलात रोज २५ किलो ओला कचरा निघतो असे धरू. त्यातून दोन-अडीच घनमीटर गॅस मिळेल, म्हणजे साधारण एक किलो एलपीजी. १९ किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर तीनेक आठवड्यांनी वाचतो. फार नाही, पण कचऱ्याची गाडी आणि वास दोन्ही कमी होतात. मात्र देवळातला लिंबाचा न्याय इथे लागू होत नाही. लिंबा-संत्र्याच्या साली टाकीत जास्त गेल्या की जिवाणू मंदावतात. त्या वेगळ्या काढाव्यात, खत करावे.

इडलीचे काय? उन्हात तापलेले पाणी वाफेच्या बॉयलरला दिले की इंधन निम्मे होईल, असे सांगणारे भेटतात. तसे होत नाही. पाणी उकळीपर्यंत नेण्यापेक्षा त्याची वाफ करायलाच उष्णता कितीतरी जास्त लागते, म्हणून बचत जेमतेम सहा टक्के. भात, सांबार आणि भांडी यांत मात्र ती चांगली जाणवते. वाफच उन्हातून हवी असेल तर शिर्डीला जावे. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर शेफलर तबकड्या सूर्यकिरण एकवटून वाफ करतात आणि तिच्यावर हजारोंचा स्वयंपाक होतो. पण त्याला गच्चीही शिर्डीएवढी लागते.

बंब आणि चूल मार्गी लागली की विजेचा खर्च उतरवावा. १६ खोल्यांतले आणि वावरायच्या जागेतले मिळून २० जुने पंखे काढून कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले, तर पंख्यामागे ४० ते ४५ वॉट वाचतात. दहा तासांचे होतात आठ-नऊ युनिट. एवढी वीज करायला दोन किलोवॉटची पॅनेले लागली असती! शिवाय बंगळुरूची हवा. नऊशे मीटर उंचीवरच्या या शहरात समोरासमोर खिडक्या असतील तर वर्षातले बहुतेक महिने एसीची गरज नसते. काचेची दर्शनी भिंत उभारून मग एसी लावायचा, हा उद्योग छोट्या हॉटेलाला परवडणारा नाही.

आता उरलेल्या ५० चौरस मीटरवर पॅनेले. सहा-सात किलोवॉट, दिवसाला २४ ते २८ युनिट. दिवे, पंखे, फ्रीज, पाण्याचा पंप, वाय-फाय यांचा मोठा वाटा त्यात निघतो. तोंड दक्षिणेला, कल साधारण अक्षांशाएवढा, म्हणजे तेरा अंश. शेजारच्या इमारतीची किंवा नारळाची सावली सकाळ-दुपार पाहून घ्यावी, कारण माळेतले एक पॅनेल सावलीत गेले तरी सगळी माळ मंदावू शकते. स्लॅबला भोके पाडण्याआधी वॉटरप्रूफिंगचा विचार करावा. अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर नको.

मालकांना सगळ्यात उशिरा कळणारी गोष्ट अशी, की नेट मीटरिंगवरचा, म्हणजे जादा वीज कंपनीच्या तारांत सोडणारा, साधा इन्व्हर्टर वीज गेली की उन्हातही बंद पडतो. तो बंद पडलाच पाहिजे. नाहीतर तारा जोडायला चढलेल्या लाइनमनला धक्का बसेल. अंधारातही दिवा हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. केंद्राच्या सूर्यघर योजनेचे ७८ हजार रुपयांपर्यंतचे अनुदान घरांसाठी आहे, हॉटेलांसाठी नाही. व्यवसायाला आयकरात सौर यंत्रणेवर ४० टक्के घसारा मिळतो आणि व्यावसायिक विजेचा दर घरगुती दरापेक्षा चढा असल्याने वाचलेले प्रत्येक युनिट अधिक मोलाचे असते. पण बिलातला स्थिर आकार पॅनेलने जात नाही, हे विक्रेता सांगायला विसरतो.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. ‘इडली, ऑर्किड आणि मी’ लिहिणाऱ्या विठ्ठल कामतांनी विलेपार्ल्याला ‘ऑर्किड’ उभारले. ते आशियातले पहिले पंचतारांकित ‘इकोटेल’, म्हणजे पर्यावरणस्नेही हॉटेल, म्हणून ओळखले जाते. पंचतारांकित हॉटेलांना दूरच्या पवनचक्कीची वीजही घेता येते. बनशंकरीच्या चाळीस-साठवाल्याकडे फक्त गच्ची असते, म्हणून त्याला क्रम चुकवून चालत नाही.

बंगळुरूचे रस्ते १९०५ मध्ये विजेने उजळले, तेव्हा ती वीज कावेरीवरच्या शिवनसमुद्रम धबधब्याची होती. अक्षय म्हणतात ती ऊर्जा या शहराला नवी नाही. तेव्हा हॉटेलवाल्यांना एकच सांगणे आहे. पॅनेलवाल्याला फोन करण्याआधी महिनाभर एक वही ठेवा. रोज मीटरचा आकडा, गरम पाण्याचे लिटर, सिलिंडर आणि कचऱ्याचे किलो लिहा. ती वही पुढ्यात असली की आधी काय घ्यायचे ते विक्रेत्याला विचारावे लागत नाही.