गल्ल्यातले सगळेच पैसे नफ्याचे नसतात

आमच्या वस्तीच्या नाक्यावर एक ताई वडापावची गाडी लावतात. दिवसाला १५० वडापाव खपतात, तरी महिनाअखेरीस हात रिकामाच. गेल्या रविवारी आम्ही त्यांच्यासोबत हिशेबाला बसलो.

एक वडापाव १५ रुपयांना. बटाटे, बेसन, तेल, पाव, गॅस मिळून खर्च ११, सुटतात ४. म्हणजे दिवसाचे ६०० रुपये. पण उधारीचा एक वडापाव बुडाला की ११ रुपये गेले, ते भरून काढायला आणखी तीन विकावे लागतात! ओळखीच्या माणसाला नाही म्हणवत नाही, हेही खरे.

मोठी गळती मात्र दुसरीकडेच निघाली. सावकाराने १०,००० सांगून हातात ९,००० ठेवले. रोज १०० प्रमाणे १०० दिवस फेड. दिसायला व्याज हजारच. पण मुद्दल रोज घटत जाते, त्यामुळे वर्षाचा दर शेकडा ७५ च्या वर जातो. वाचकहो, आपला हप्ताही असा एकदा तपासून पाहा. फेरीवाल्यांसाठी २०२० पासून पीएम स्वनिधी योजना आहे. बँकेचे कर्ज वेळेवर फेडल्यास व्याजात ७ टक्के सवलत मिळते. त्यासाठी नगरपालिकेचा विक्रेता दाखला किंवा शिफारसपत्र लागते, आणि त्या चकरांना कंटाळूनच माणसे सावकाराकडे वळतात.

ताईंनी आता घरखर्चाचा डबा वेगळा केला आहे. रोज ठरलेली मजुरी त्यात टाकायची. भाजी, दवाखाना त्यातूनच. ‘उधारी बंद’ची पाटी अजून लागलेली नाही. सोमवारी लावू म्हणाल्या.