चौकातील तीन दिवे

छत्रपती संभाजीनगरातील जालना रस्त्यावर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स येथे उड्डाणपूल झाले, तरी पुलाखालून वळणाऱ्यास दिव्यांच्या अमलातून सुटका नाही. आणि तेथे भले सुशिक्षित चालकही पिवळा दिवा लागताच, जणू घाईची अनुज्ञाच मिळाली अशा आविर्भावाने, गाडी दामटतात. वास्तविक पिवळ्याचा हुकूम थांबण्याचाच आहे. थांबरेषेच्या इतके निकट पोहोचल्यावर तो लागला की एकाएकी ब्रेक दाबणे धोक्याचे ठरेल, एवढाच काय तो अपवाद. तांबड्यात रेषेअलीकडे, झेब्रा पट्टे मोकळे सोडून उभे राहावे. डावीकडे वळण्यासही, तशी पाटी वा हिरवा बाण नसेल तर, मुभा नाही, हे आपल्याकडे फारसे कोणी मनावर घेत नाही. पिवळा मिचमिचत असल्यास वेग उतरवून सावधपणे जावे. तांबडा मिचमिचत असल्यास मात्र पूर्ण थांबून, वाट निर्वेध असल्याची खातरजमा करूनच पुढे सरावे. वाहतूक पोलिसाने दिव्याविरुद्ध इशारा केला, तर पोलिसाचा हात प्रमाण मानावा. तांबडा दिवा तोडणे हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, धोकादायक वाहनचालनातच जमा होते.