कोयनेची भेग

11 डिसेंबर 1967, पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटे. कोयनानगर साखरझोपेत असताना 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. घरेच्या घरे बसली, सुमारे 180 माणसे दगावली. आणि गावाच्या वरच्या अंगाला 103 मीटर उंच कोयना धरण जवळजवळ 92 मीटर पाणी थोपवून उभे होते.

धरण फुटले नाही. पण ते जिथे तडकले, ती जागा थक्क करणारी आहे.

पाण्याचा दाब सर्वांत जास्त असतो पायथ्याशी. भेगा मात्र पडल्या तळापासून सुमारे 66 मीटर वर, धरणाच्या पाठीचा उतार जिथे एकाएकी बदलतो तिथे. बुंध्याशी हलवलेला ऊस शेंड्याला कितीतरी जास्त डोलतो, तसा धरणाचा माथा पाण्याकडे आणि पाण्यापासून दूर झुलत होता. त्या प्रत्येक झोक्याचा ताण उतार मोडतो त्या आडव्या रेषेवर गोळा होत होता. काँक्रीट दाब निमूटपणे सोसते. ताण पडला की तडकते.

हे इतके नेमके कळले, कारण साक्षीदार आत हजर होता. 1962च्या सुमारास पाणी अडवल्यावर परिसरात बारीक धक्के जाणवू लागले, म्हणून भूकंपमापक बसवले गेले. धरणाच्या गॅलरीतही धक्क्याचा जोर टिपणारे यंत्र होते. आराखडा करताना गुरुत्वाकर्षणाच्या विसाव्या हिश्शाइतका आडवा जोर धरला होता. यंत्राने प्रवाहाच्या दिशेने टिपला गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा! तो आलेख आज जगभरचे धरण-अभियंते वापरतात. गणिताची नवी पद्धत काढली की आधी तिच्यावर कोयना हलवून बघायची. भेग त्याच जागी उमटली, तर पद्धतीवर भरवसा ठेवायचा.

भेगांत इपॉक्सी भरले, पोलादी केबल ताणून उंच भाग आवळले, मग पाठीला काँक्रीटचे जाडजूड टेकू दिले. सांडव्याखेरीजचा भाग 1973पर्यंत मजबूत झाला. सांडव्याचे काम पुरे व्हायला 2006 उजाडले. एवढी वर्षे लागायला नको होती, असे मला मनापासून वाटते. कारण मधल्या काळात कोयनेची जमीन काही थांबली नव्हती. 5 तीव्रतेचे धक्केही तिने पुन्हा पुन्हा दिले.