दवबिंदूला खत चालत नाही

आंबिवलीच्या शेतकऱ्याला वरकस जमीन म्हणजे काय, ते सांगायला नको. चार बोटे माती आणि खाली मुरूम. तरी तिच्यात नाचणी, वरी येते. साताऱ्याजवळच्या कास पठाराची जमीन याहून गरीब आहे. जांभ्याचा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर आणि पावसाळाभर वाहणारे पाणी. मातीतला नत्र त्या पाण्याबरोबर धुऊन जातो. अशा जागी एक रोप मजेत वाढते. त्याचे नाव दवबिंदू.

कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरात तिथे गेलात, तर फुलांचे गालिचे पाहून झाल्यावर वाटेच्या कडेला जरा उकिडवे बसा. गवतात वीतभर उंचीचे, बारीक पानांचे, तांबूस रोप दिसेल. दुसरी जात जमिनीला चिकटून असते, रुपयाएवढ्या लाल चक्रासारखी. दोघांच्याही पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चमकता थेंब. ऊन चढल्यावर गवतावरचे दव उडून जाते, हे मात्र तसेच राहते. कारण ते दव नव्हेच, तो चिकट रस आहे.

चिलट त्यावर बसले की पाय अडकतात. ते जितके धडपडते तितके आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकतात. मग पान पाचक रस सोडते आणि किड्यातला नत्र शोषून घेते. मागे उरते नुसते टरफल. आपण पिकाला वरखत देतो ना, तसेच हे. फक्त दवबिंदू आपले वरखत स्वतः पकडतो.

चार्ल्स डार्विन यांनी विलायतेतल्या दवबिंदूवर पुष्कळ प्रयोग करून १८७५ साली कीटकभक्षक वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. पानावर मांसाचा कण ठेवला तर केस वाकत आणि बराच वेळ मिटून राहत. काचेचा तुकडा ठेवला तर लवकर उघडत. पावसाच्या थेंबाने मात्र ते हलतही नसत. पावसात वाढणाऱ्या रोपाला एवढी अक्कल हवीच!

आता तुम्ही म्हणाल, मग हे भाताच्या बांधावर लावले तर कीड जाईल का? नाही. ते चिलटे, मुंग्या खाते. खोडकिडा त्याच्या आवाक्यातला नाही. हौस म्हणून लावायचे असेल तर जरूर लावा, पण कासहून रोप आणू नका. तिथे फूल तोडायलाही बंदी आहे, आणि उपटलेले रोप घरी येईपर्यंत बहुधा मरतेच. कोकणातल्या सड्यांवर, ओलसर उजाड माळावर हे रोप मिळते. आपल्या रानातही पावसाळ्याच्या शेवटी शोधून पाहा. सापडले तर त्या जागी तणनाशक मारू नका, भराव टाकू नका. एकदोन बोंडे वाळू द्या आणि तेवढेच बी घ्या. बी धुळीसारखे बारीक असते.

लावताना आपला नेहमीचा हात आवरायचा. शेणखत, युरिया, राख, काही नको. खताने हे रोप मरते. नदीची वाळू आणि काथ्याचा भुसा दोन्ही चांगले धुऊन निम्मे-निम्मे मिसळा. बी वरच भुरभुरा, मातीने झाकू नका. त्याला उजेड लागतो. कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत बोटाचे एक पेर पाणी राहू द्या. पाणी पावसाचेच, साठवलेले. विहिरीच्या पाण्यातले क्षार त्याला सोसत नाहीत. जागा भर उन्हाची हवी. हाताने माश्या भरवायची गरज नाही, चिलटे आपोआप येतात. मुलांना पाहू द्या, फक्त थेंबांना बोट लावू देऊ नका.

उंच जात पावसाळा सरल्यावर वाळते. तुमचे काही चुकले असे समजू नका, तिचे आयुष्यच तेवढे. बोंडे फुटण्याआधी बी कागदाच्या पुडीत बांधा आणि कोरड्या डब्यात ठेवा. पुढच्या मृगाला ते पेरायचे आहे.