बंदूक खरी, गोष्ट बनावट

वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूमधल्या लेक हिल्ससारख्या, १९५० च्या दशकात वसलेल्या भागांतून शनिवार-रविवारी फिरलं की कुठे ना कुठे एस्टेट सेलची पाटी दिसते. मूळ मालक गेलेले, मुलं दुसऱ्या राज्यात, घर विकायला काढलेलं. चिनी मातीच्या बशा, शिवणयंत्र, बागेची अवजारं, आणि मधेच भिंतीवरून उतरवलेली एखादी जुनी रायफल. तिच्या चापाच्या कडीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी सांगते की ही आजोबांची, १८९४ सालची, अँटिक. मायक्रोसॉफ्ट-अ‍ॅमेझॉनच्या निमित्तानं इथे स्थिरावलेला मराठी माणूस अशा वस्तूपाशी थबकला नाही तरच नवल. गडकिल्ले आणि बखरींवर वाढलेल्यांना जुन्या हत्यारांचं आकर्षण उपजतच असतं. आणि या बाजारात नेमकं तेच आकर्षण विकलं जातं. इथे निव्वळ खोटी बंदूक क्वचित गळ्यात पडते. जास्त वेळा बंदूक खरी असते आणि तिच्याबरोबर मिळालेली गोष्ट खोटी.

गैरसमज: शंभर वर्षं झाली की बंदूक अँटिक

टेबल-खुर्च्यांना हा हिशेब चालतो, बंदुकीला नाही. अमेरिकेचा १९६८ चा गन कंट्रोल अ‍ॅक्ट वय मोजत नाही, साल बघतो. १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेली ती अँटिक. ही रेषा दरवर्षी पुढे सरकत नाही. १९०५ सालची बंदूक आज शंभर वर्षांहून जुनी झाली तरी कायद्याच्या लेखी ती साधी बंदूकच. पन्नास वर्षांवरच्या बंदुकांसाठी ‘क्युरिओ अँड रेलिक’ असा एक गट आहे, पण अँटिकला मिळणारी सूट त्याला नाही. विकणारे दोन्ही शब्द एका दमात उच्चारतात.

चिठ्ठीवरचं १८९४ हे तर मॉडेलचं नाव. विंचेस्टरचं १८९४ मॉडेल अमेरिकेत २००६ पर्यंत बनत होतं. जुन्या नळीवर ‘२१ ऑगस्ट १८९४’ अशी तारीख कोरलेली असते ती पेटंटची, आणि १९२० च्या दशकातल्या रायफलीवरही ती तशीच सापडते. बनावटीचं साल काढायचं ते सीरियल नंबरवरून.

वॉशिंग्टन राज्यात आणखी एक पाचर आहे. तयार काडतूस वापरणारी जुनी बंदूक या राज्याच्या कायद्यानं अँटिक ठरायची, तर तिचं काडतूस अमेरिकेत बनणं बंद झालेलं असावं लागतं आणि ते बाजारात सहज मिळता कामा नये. विंचेस्टर १८९४ ची थर्टी-थर्टी काडतुसं शिकारीच्या कोणत्याही दुकानात फळीवर रचलेली असतात. म्हणजे १८९७ साली बनलेली ही रायफल फेडरल कायद्यानं अँटिक आणि बेलव्ह्यूमध्ये नाही. २०१४ च्या जनमतानं खासगी विक्रीलाही या राज्यात परवानाधारक विक्रेत्यामार्फत पार्श्वभूमी-तपासणी सक्तीची केली. अँटिकला त्यातून सूट आहे, पण राज्याच्या व्याख्येतल्या अँटिकला. ‘फेडरल अँटिक आहे, कागद लागत नाहीत’ हे वाक्य इथे अर्धसत्य आहे.

एच-वन-बीवर असलेल्यांनी तर हे नीट वाचावं. ग्रीनकार्ड नसलेल्या परदेशी नागरिकानं परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हा वॉशिंग्टन राज्यात सी वर्गाचा गंभीर गुन्हा आहे. त्यात ठरवून दिलेले अपवाद आहेत, पण ‘भिंतीवर टांगायला घेतली’ हा त्यातला नाही. शोभेची वस्तू म्हणून घेतलेल्या रायफलीपायी इमिग्रेशनच्या फायलीत लाल शेरा ओढवून घेण्याआधी वकिलाला विचारलेलं स्वस्त पडतं.

गैरसमज: बनावट म्हणजे अलीकडे घडवलेली नक्कल

नकला असतात, आणि इटलीत बनलेल्या उत्तम नकला उघडपणे नकला म्हणून विकल्याही जातात. खरा पैसा आहे तो साध्या जुन्या बंदुकीला बढती देण्यात.

कोल्टचं १८७३ चं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर घ्या. त्या काळचं नागरी वापरातलं कोल्ट महाग असतं, पण तेच लष्करी घोडदळाचं निघालं तर किंमत काही पटींनी वाढते. त्यातही ऑर्व्हिल एन्सवर्थ या तपासनिसानं पास केलेलं असेल तर बघायलाच नको, कारण त्याच्या हाताखालून गेलेल्या सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरांपैकी काही जनरल कस्टरच्या सातव्या घोडदळाला मिळाली होती, आणि जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला कस्टरची तुकडी कापली गेली. मग काय करतात? खरंच १८७० च्या दशकातलं एखादं नागरी कोल्ट घेतात, फ्रेमच्या डाव्या अंगावर ‘यू. एस.’ ठोकतात आणि अक्रोडाच्या मुठीवर एन्सवर्थच्या ‘ओ. डब्ल्यू. ए.’ या आद्याक्षरांचा ठसा उमटवतात. धातू खरा, लाकूड खरं, दीडशे वर्षांची झीज खरी. खोटी फक्त पाच अक्षरं.

ही अक्षरं पकडायची तर भिंग आणि तिरपा उजेड लागतो. खरा ठसा लाकडाबरोबरच झिजतो. ज्या बाजूला मूठ चामड्याच्या म्यानाला घासली, तिकडची अक्षरं आधी पुसट होतात. लाकूड गुळगुळीत झालेलं आणि ठशाच्या कडा मात्र करकरीत, असं दिसलं की ठसा लाकडाच्या नंतर आलेला. धातूतही हेच तत्त्व. ठोकलेल्या अक्षराच्या कडेला धातू किंचित वर उचलला जातो, आणि पुढच्या शतकभराच्या हाताळणीत तो उंचवटा जातो. फ्रेम घासून सपाट झालेली आणि अक्षराभोवतीचा उंचवटा बोटाला लागतोय, हे जमत नाही. गंजाच्या खड्ड्यांवर निळा मुलामा चढलेला दिसला तर मुलामा गंजानंतरचा. मग स्क्रू बघायचे. त्यांच्या खाचा चेपलेल्या असतील तर कोणीतरी घाईत उघडझाक केली आहे.

गैरसमज: नंबर जुळत नाहीत, म्हणजे माल खोटा

नेमक्या याच कोल्टच्या बाबतीत हे उलटं पडू शकतं. १८९० च्या दशकात सरकारनं घोडदळाची जुनी रिव्हॉल्व्हरं दुरुस्तीला परत मागवली, साडेसात इंची नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या, आणि जोडणी करताना कुठली मूठ कुठल्या फ्रेमची याची फिकीर केली नाही. संग्राहक त्यांना ‘आर्टिलरी’ मॉडेल म्हणतात. त्यात नंबर न जुळणं हेच स्वाभाविक. सगळे नंबर चोख जुळणारं आर्टिलरी मॉडेल समोर आलं की जाणकार उलट जास्त चौकशी करतो.

गैरसमज: कारखान्याचं पत्र आहे, मग प्रश्नच मिटला

कोल्ट कंपनीच्या दप्तरात आणि विंचेस्टरच्या बाबतीत वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात जुन्या नोंदवह्या आहेत. सीरियल नंबर दिला, शुल्क भरलं की अमुक नंबरची बंदूक कोणत्या दिवशी, कोणत्या घडणीची, आणि कोल्टच्या बाबतीत कुणाकडे रवाना झाली याचं पत्र मिळतं. मोलाचा कागद आहे. पण तो नंबराबद्दल बोलतो, समोरच्या लोखंडाबद्दल नाही. सातबारा खरा असला तरी दलालानं बांधावर उभं राहून दाखवलेलं शेत तेच का, हे मोजणीनंतरच कळतं, तसंच हे.

विंचेस्टरच्या ‘वन ऑफ वन थाउजंड’ रायफलींनी ही गोष्ट पुरेशी शिकवली आहे. १८७० च्या दशकात कारखान्यात चाचणीत विलक्षण अचूक ठरलेल्या नळ्या वेगळ्या काढून, सजवून, शंभर डॉलरला विकल्या जात. १८७३ मॉडेलच्या अशा जेमतेम १३०-१३५ बनल्या. १९५० मध्ये जेम्स स्टुअर्टचा ‘विंचेस्टर ’७३’ आला, चित्रपट कंपनीनं जाहिरातीसाठी उरलेल्या रायफलींचा देशभर शोध घेतला आणि लोक माळे धुंडाळू लागले. तेव्हापासून साध्या १८७३ च्या नळीवर ते चार शब्द कोरून घेणाऱ्यांचाही एक धंदा झाला. नोंदवहीत त्या नंबरासमोर तसा उल्लेख नसेल तर कोरीवकाम कितीही देखणं असो, ते नंतरचं.

पत्र आणखी एक गोष्ट सांगत नाही, ती म्हणजे बंदूक कुणी वापरली. इथे अमेरिकन पश्चिमेच्या दंतकथा कामाला येतात. पश्चिमेतला गाजलेला कायदारक्षक वायट अर्प याला लेखक नेड बंटलाइननं बारा इंची नळीचं खास कोल्ट भेट दिलं, ही कथा १९३१ च्या स्टुअर्ट लेकच्या चरित्रातून पसरली. कोल्टच्या दप्तरात बंटलाइनची अशी ऑर्डर सापडलेली नाही. टीव्ही मालिकेमुळे मागणी वाढली तेव्हा कोल्टनंच १९५७ पासून ‘बंटलाइन स्पेशल’ बनवायला घेतलं, आणि दंतकथेला कारखान्याचा शिक्का मिळाला. डॉज सिटीचा जुना कायदारक्षक बॅट मास्टरसन न्यूयॉर्कमध्ये पत्रकारी करत असताना सावकाराकडून जुनी रिव्हॉल्व्हरं आणून, मुठीवर खाचा पाडून, ‘हेच ते डॉज सिटीचं’ म्हणून चाहत्यांना देत असे, असं सांगतात. हे किती खरं ते देव जाणे. पण ती कथा खरी मानली तर ‘मास्टरसननं स्वतः दिलेली’ बंदूक आणि ‘मास्टरसनची’ बंदूक या दोन वेगळ्या वस्तू होतात.

भक्कम पुरावा कसा असतो तेही बघा. शेरीफ पॅट गॅरेटनं जुलै १८८१ मध्ये कुप्रसिद्ध गुन्हेगार बिली द किडला ज्या कोल्टनं मारलं, ते ऑगस्ट २०२१ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात साठ लाख डॉलरवर गेलं. ती किंमत लोखंडाची नव्हे, साखळीची होती. गॅरेटनं ते एल पासोच्या एका सलूनमालकाला प्रदर्शनासाठी दिलेलं, गॅरेटच्या मृत्यूनंतर १९३० च्या दशकात त्याच्या विधवेनं कोर्टात भांडून परत मिळवलेलं. कोर्टाचे कागद विक्रीच्या कितीतरी आधीचे होते, आणि विकणाऱ्याच्या सोयीसाठी लिहिलेले नव्हते. शंभर वर्षांनी नातवानं करून दिलेल्या प्रतिज्ञापत्रात हे दोन्ही गुण नसतात.

गैरसमज: टीव्हीवरच्या तज्ज्ञानं सांगितलं, मग खरंच

पीबीएसचा ‘अँटिक्स रोडशो’ इथल्या घराघरांत बघितला जातो. त्याच्या सुरुवातीच्या काळात रसेल प्रिचर्ड आणि जॉर्ज जूनो हे लष्करी वस्तूंचे जाणकार म्हणून पडद्यावर झळकले. तलवारीचं त्यांनी केलेलं एक गाजलेलं मूल्यांकन आधीच ठरवून केलेलं नाटक निघालं. ती प्रसिद्धी वापरून त्यांनी सैनिकांच्या वंशजांकडून वस्तू कमी भावात काढून घेतल्या. यादवी युद्धातल्या जनरल पिकेटच्या वस्तू त्याच्या वंशजानं दिल्या त्याच्या जवळपास दहापट रकमेला पुढे विकल्या गेल्या. दोघांनीही गुन्हा कबूल केला आणि २००२ मध्ये प्रिचर्डला एक वर्ष एक दिवसाची कैद आणि ८ लाख ३० हजार डॉलरची भरपाई अशी शिक्षा झाली. या प्रकरणात तलवारी आणि गणवेश खरेच होते. जो किंमत सांगतो तोच विकत घ्यायला तयार असेल तर तिथून उठावं, एवढं व्यवहारज्ञान पुरलं असतं.

गैरसमज: सत्तावनच्या बंडातल्या शिपायाची बंदूक

भारतीय ग्राहक दिसला की ही गोष्ट हमखास निघते. एन्फील्डसारखी दिसणारी, लांब, ठासणीची बंदूक. आत बोट घातलं तर नळी गुळगुळीत, आटे नाहीत. हीच मोठी खूण. उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती अचूक रायफल द्यायची नाही असं ठरवलं आणि बाहेरून एन्फील्ड पण आतून आटे नसलेल्या १८५८ आणि १८५९ च्या बंदुका त्यांच्यासाठी काढल्या. म्हणजे ती बंडात वापरलेली असूच शकत नाही, ती बंडामुळे जन्मली. नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातला हजारो बंदुकांचा साठा २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी उचलला, त्यामुळे या घराण्यातला माल इथे मुबलक आहे. नेपाळी म्हणून घेतली तर उत्तम वस्तू.

दुसरा प्रकार खैबरकडचा. टकोमाजवळच्या लष्करी तळावरून अनेक तुकड्या अफगाणिस्तानात गेल्या, आणि तिथल्या बाजारातून सैनिकांनी मार्टिनी-हेन्री रायफली आणल्या. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलचे कारागीर हातानं हुबेहूब बंदूक घडवतात, फक्त इंग्रजी वाचता येत नसल्यानं शिक्क्यात फसतात. ‘एन्फील्ड’मधला एन उलटा पडतो, किंवा राणीच्या आद्याक्षरांखाली १९०५ साल येतं. व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली. शिवाय अशा बंदुकीचं पोलाद कुठून आलं कुणास ठाऊक, तेव्हा त्यात काडतूस भरून बार काढायचा मोह आवरावा.

गैरसमज: गावच्या वाड्यातली ठासणीची बंदूक आपली, ती बेलव्ह्यूला न्यायला कोण अडवणार

भारताचा १९७२ चा पुरावशेष कायदा अडवतो. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरते आणि ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे, मालकाकडे नाही. मोडलात तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. चालू स्थितीतली असेल तर शस्त्र कायद्याचा परवाना हा निराळा विषय.

आणि घरची परंपरा म्हणजे पुरावा नव्हे, हे मोठमोठ्या वस्तूंनाही लागू पडतं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी शंका घेतली, आणि ही वाघनखं अफझलखान भेटीतलीच असल्याचं सिद्ध करता येत नाही, असं संग्रहालयाचंही म्हणणं आहे. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून आलेल्या त्या वाघनखांच्या पेटीवरच्या मजकुरात खानाला मुघल सरदार म्हटलं आहे. अफझलखान आदिलशाहीचा होता हे शाळकरी पोरही सांगेल.

मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘पेशवाईतली आहे, न्यायचे कागदही करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर कोणते कागद ते विचारा. पुरातत्त्व खात्याकडून अशा वेळी मिळतं ते प्रमाणपत्र, वस्तू पुरावशेष नसल्याचं. ते खरं असेल तर पेशवाई खोटी, आणि पेशवाई खरी असेल तर प्रमाणपत्र.