लुंकड्यासमोर

आषाढातला मंगळवार होता. दारव्ह्याजवळच्या तांड्यावर पोचलो, तेव्हा शिवेवरच्या निंबाखाली शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडून झाले होते. या बंजाऱ्यांच्या सात भवान्या, शितळा त्यांतलीच. समोर थोड्या अंतरावर एकटा आठवा दगड, लुंकड्या. भवान्यांना घुगरी आणि लापशी. रक्ताचा मान लुंकड्याचा.

बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडलं. त्याने अंग झाडलं नाही, म्हणजे होकार आला नाही. तांड्याच्या नायकांनी पुन्हा विनंती केली, पुन्हा पाणी टाकलं. तिसऱ्यांदा तो शहारला, आणि सुरी फिरली. मग तांड्यावरची गुरं भवान्या आणि लुंकड्या यांच्या मधून हाकलली. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर लदेणी केलेली ही माणसं. रोगराई टळावी हे मागणं गुरांसाठीही असतं.

मी सर्वांत जास्त वेळ पाहत राहिलो ती वाटणी. पळसाच्या पानांवर घरटी एक वाटा. काळजाचा बारीकसा तुकडासुद्धा प्रत्येक पानावर पडतो की नाही, हे कारभारी वाकून बघत होते. दोन चुलतभाऊ शेताच्या धुऱ्यावरून वर्षभर बोलत नव्हते. दोघंही आले नाहीत. कारभाऱ्यांनी त्यांचे वाटे एकाच पानावर ठेवले.

“ज्याला न्यायचं त्याने दोघांचं न्यावं,” नायक एवढंच म्हणाले.

इथिओपियातल्या ओरोमो लोकांत खुनाचं वैर मिटवताना ‘गुमा’ करतात. भरपाई ठरते, जनावर कापलं जातं, दोन्हीकडची माणसं समोरासमोर येतात. इथे धुऱ्याच्या भांडणाला एक पळसाचं पान होतं.

कॉलेजात शिकणारी एक मुलगी मात्र अडून बसली होती. “नायकबाबा, सेवाभायाला गोड भोग चालतो, मग इथं बोकड कशाला?” १७३९ साली जन्मलेल्या संत सेवालाल महाराजांनी, म्हणजेच सेवाभायांनी, देवीला बोकड द्यायला नकार दिला, ही कथा तांड्यातलं प्रत्येक पोर ऐकत वाढतं. पोहरादेवीच्या यात्रेतल्या बोकडबळीवरूनही हाच वाद आहे. नायक म्हणाले, “भवानीला आपण गोडच देतो ना, बाई.” तिचं समाधान झालं नाही. माझंही नाही, तिसऱ्या पाण्याआधीचा तो बोकड डोळ्यांपुढून हलत नव्हता. पण घुगरीचेही असेच वाटे पडतील का, हे मी तिला विचारलं. “पाडू की,” ती म्हणाली.

दिवेलागणीला एक म्हातारी आली. दोन्ही भावांची आजी. तिने ते पान पदराखाली धरलं आणि आधी धाकट्याच्या दाराकडे वळली.