दुधाच्या टाकीसाठी रडार पातळीमापकाची निवड

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा प्रामुख्याने सोयाबीन व तुरीचा. कोरडवाहू शेतकऱ्याला जोडधंद्याचा आधार मिळावा म्हणून विदर्भ-मराठवाड्यात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने २०१६ मध्ये दुग्धविकास प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याचा दुसरा टप्पा वाशिमसह १९ जिल्ह्यांसाठी आखण्यात आला. दूध गोळा होऊ लागले की साठवणीचा व मोजणीचा प्रश्न ओघानेच येतो.

शीतकरण केंद्रात दूध ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून ठेवतात. पातळी पाहण्याची जुनी रीत म्हणजे झाकण उघडून खुणांची पट्टी बुडविणे. झाकण जितक्या वेळा उघडावे तितक्या वेळा धूळ, माशी व जंतूंना वाट मिळते. रडार मापक टाकीच्या माथ्यावर बसतो व दुधाला शिवत नाही. त्याने सोडलेल्या सूक्ष्मलहरी पृष्ठभागावरून परततात आणि त्यावरून अंतर कळते. ध्वनिलहरींवरील मापकाला वाफ व बदलते तापमान चकवितात. रडारवर त्यांचा परिणाम अत्यल्प होतो.

निवड करताना टाकी धुण्याच्या पद्धतीचा विचार प्रथम करावा. मोठ्या दुग्धालयात टाकी न उघडता गरम कॉस्टिक सोडा व आम्लाच्या फवाऱ्याने आतून धुतली जाते. तेव्हा मापकाचा दर्शनी भाग हे सर्व सोसणारा, गुळगुळीत आणि दूध साचेल अशा फटी नसलेला हवा. ढवळणीचे पाते असलेल्या लहान टाकीत ८० गिगाहर्ट्झचा मापक सोयीचा. त्याचा झोत अरुंद असल्याने तो पात्याला टाळून बसविता येतो. दाट फेस मात्र लहरी शोषून घेतो. फेस नेहमीचाच असेल, तर तळाशी बसणारा दाबमापक बरा. सोयाबीन तेलाच्या टाकीत प्रतिध्वनी दुधापेक्षा क्षीण येतो, हेही ध्यानात ठेवावे.

पातळी म्हणजे लिटर नव्हे. दीड मीटर व्यासाच्या व तीन मीटर लांबीच्या आडव्या टाकीत मध्यावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४५ लिटर. तळाचा पहिला सेंटिमीटर जेमतेम ५ लिटरांचा. टाकीचा मापनतक्ता अचूक नसेल, तर महागडे उपकरणही चुकीचाच आकडा दाखवील, आणि त्या ४५ लिटरांचा हिशेब कोणाच्या तरी माथी बसेल. उत्पादकाचे पैसे मात्र वैधमापन विभागाने पडताळलेल्या काट्यावर वा मापावरच ठरावेत.

गावपातळीवरील लहान शीतकरण टाकीला रडारची गरज क्वचितच भासते. तेथे खात्रीची वीज, जनित्र व चालू स्थितीतील तापमापक यांवर आधी खर्च करणे शहाणपणाचे. रडारचा उपयोग अनेक मोठ्या टाक्या एकाच खोलीतून सांभाळणाऱ्या दुग्धालयाला अधिक; टाकी भरून वाहू नये व रिकामी होऊन पंप कोरडा फिरू नये, याची सूचना तेथे वेळीच मिळते.